कूलंट घरी बदलताना करायचा हिशेब

बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या घरातील गिझरची कॉइल तीन-चार वर्षांनी उघडून पाहिली, तर तिच्यावर पांढरट, खरखरीत कवच चढलेले दिसते. साताऱ्यात ज्या भागांत कास तलावाचे पाणी येते तेथे हे कवच तुलनेने पातळ असते. पण शहराबाहेरच्या बोअरवर अवलंबून असलेल्या वसाहतींत, किंवा पूर्वेकडे कोरेगाव, खटाव, माण या तालुक्यांत गेले, की बादलीच्या काठापासून स्वयंपाकघरातील नळापर्यंत त्याच्या खुणा दिसू लागतात. काळ्या खडकातून झिरपणारे भूजल कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार बरोबर घेऊन येते आणि पाणी तापले, की त्यांतील बराचसा भाग तापलेल्या धातूवरच जाऊन बसतो. मोटारीच्या इंजिनात असले पाणी घातले तर तेथेही हेच घडते. फरक इतकाच, की गिझरची कॉइल बदलणे स्वस्त असते आणि इंजिनाचे हेड, म्हणजे वरचा भाग, उतरवणे स्वस्त नसते.

रेडिएटरमधील जुने कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारा गंजरोधक द्रव, काढून, आतील वाटा धुऊन, नवे कूलंट भरणे हे काम घरी करता येण्याजोगे आहे. त्यासाठी विशेष यंत्रसामग्री लागत नाही. लागतो तो वेळ, कारण इंजिन तापवणे आणि थंड होऊ देणे यांचे दोन-तीन फेरे करावे लागतात आणि थंड होण्यात घाई करता येत नाही. सकाळी सातला सुरुवात केली तर संध्याकाळपर्यंत काम उरकते आणि त्यातील प्रत्यक्ष हाताचे काम दोन-अडीच तासांचेच असते. नट-बोल्टांमुळे हे काम क्वचित बिघडते; बहुतेक वेळा ते मोजमाप न केल्यामुळे बिघडते. किती द्रव बाहेर आला, किती आत उरला आणि त्या उरलेल्यात नवे कूलंट किती घालायचे, हे कागदावर मांडले नाही, तर नवे कूलंट भरल्याच्या समाधानात गाडी प्रत्यक्षात दोन-तृतीयांश पाणी घेऊनच घाट चढत राहते. पुढील माहिती साध्या पेट्रोल व डिझेल मोटारींसाठी आहे. हायब्रिड आणि विजेवर चालणाऱ्या गाड्यांत बॅटरी व इन्व्हर्टर थंड ठेवणारी स्वतंत्र नळी-व्यवस्था असते, तिला घरी हात लावू नये.

रेडिएटरवरचे झाकण हे नुसते झाकण नसून कुकरच्या शिट्टीसारखा झडपेचा भाग आहे, ही गोष्ट आधी समजून घ्यावी. समुद्रसपाटीला पाणी १०० अंश सेल्सिअसला उकळते, पण दर ३०० मीटर उंचीमागे हा आकडा साधारण एका अंशाने खाली येतो. साताऱ्यात, म्हणजे सुमारे ७०० मीटरवर, उघड्या भांड्यातील पाणी ९८ अंशांच्या थोडे अलीकडेच उकळते, आणि महाबळेश्वरला, सुमारे १३५० मीटरवर, ते साडेपंचाण्णव अंशांच्या आसपास उकळते. इंजिन मात्र ९० अंशांच्या वर काम करत असते आणि वाईहून पाचगणीला जाणाऱ्या पसरणी घाटात दुसऱ्या गिअरमध्ये, एसी चालू ठेवून चढताना ते आणखी तापते. म्हणजे जिथे इंजिनावर सर्वाधिक भार पडतो, तिथेच पाणी लवकर उकळते. झाकणातील स्प्रिंग आत दाब धरून ठेवते, म्हणून पाणी उकळत नाही. बहुतेक झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो साधारणपणे बार या एककातील दाब समजावा. पाण्यात निम्मे कूलंट असले, म्हणजे इथिलीन ग्लायकोल हे मुख्य रसायन असलेले, आणि झाकण शाबूत असले, तर उकळण्याची मर्यादा सव्वाशे अंशांच्या आसपास जाते. झाकणाचे रबर कडक होऊन दाब धरेनासे झाले, तर कूलंट कितीही चांगले असले तरी ही सवलत मोठ्या प्रमाणात हातची जाते.

आपल्याकडे बर्फ पडत नाही, मग हे परदेशी थंडीचे औषध कशाला, असा युक्तिवाद अनेक जुने चालक करतात. त्याचे उत्तर असे, की गोठण्यापासून बचाव हा कूलंटच्या कामांपैकी आपल्याला सर्वांत कमी लागणारा भाग आहे. ॲल्युमिनियमचा रेडिएटर व हेड, लोखंडी ब्लॉक आणि पितळी किंवा तांब्याचे काही भाग एकाच पाण्यात बुडालेले असतात, त्यामुळे गंज आणि झीज होण्यास अगदी अनुकूल परिस्थिती तयार होते. कूलंटमधील गंजरोधक रसायने धातूवर पातळ संरक्षक थर धरून ही झीज रोखतात. ही रसायनेच काळानुसार संपतात, ग्लायकोल मात्र शिल्लक राहते. म्हणूनच रंग चांगला दिसतो या कारणाने कूलंटची मुदत वाढवता येत नाही. उलट टोकाला जाऊन शंभर टक्के कूलंट भरणेही चुकीचे आहे, कारण उष्णता वाहून नेण्यात पाणी ग्लायकोलपेक्षा सरस असते. निम्मे-निम्मे हे प्रमाण बहुतेक ठिकाणी चालते. काही कंपन्या सौम्य हवामानासाठी ३० टक्केही पुरेसे मानतात. गाडीबरोबर आलेल्या पुस्तिकेत जे लिहिले असेल ते अंतिम मानावे.

काम हाती घेण्याआधी गाडीची अवस्था पाहावी, कारण काही दुखणी धुण्याने बरी होत नाहीत. इंजिन पूर्ण थंड असताना झाकण उघडून आत डोकवावे. द्रव स्वच्छ पण फिकट असेल, किंवा थोडासा तपकिरी झाला असेल, तर धुणे योग्य. त्यावर तेलाचा तवंग असेल, तो दुधाळ कॉफीसारखा दिसत असेल, किंवा इंजिन ऑइलची दांडी बाहेर काढल्यावर ऑइलच तसे दिसत असेल, तर हेड गॅस्केट किंवा ऑइल कूलर फुटल्याची शक्यता असते आणि अशी गाडी न चालवता मेकॅनिककडे न्यावी. पाणी रोज कमी होत असेल, तर आधी गळती शोधावी. वॉटर पंपाखाली, होज पाईपच्या टोकांना आणि रेडिएटरच्या प्लास्टिक व ॲल्युमिनियमच्या सांध्यांवर वाळलेल्या कूलंटचे रंगीत किंवा पांढरे डाग दिसतात. बाहेर कुठेच डाग नाही, पण गाडीत गोडसर वास येतो आणि चालकाशेजारच्या सीटपुढील गालिचा ओलसर लागतो, तर डॅशबोर्डमागची हीटरची जाळी गळत असते. गळतीवर हळद घालण्याचा उपाय ट्रकचालकांमध्ये अजून सांगितला जातो. हळद फुगून छिद्र बुजते हे खरे, पण ती हीटरच्या आणि रेडिएटरच्या बारीक नळ्याही तितक्याच निष्ठेने बुजवते. सांगलीच्या बाजारातील हळद स्वयंपाकघरातच राहिलेली बरी.

आता साहित्य. कूलंट निवडताना रंगाकडे पाहू नये, कारण हिरवा, लाल, गुलाबी, निळा हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात आणि त्यांचे कोणतेही सर्वमान्य प्रमाण नाही. जुन्या पद्धतीच्या, सिलिकेट असलेल्या कूलंटची मुदत साधारण दोन वर्षांची असते. सेंद्रिय आम्लांवर आधारलेली, म्हणजे बाजारात ओएटी नावाने मिळणारी कूलंट पाच वर्षांपर्यंत चालतात. दोन जाती एकमेकींत मिसळल्या, तर दीर्घ मुदतीच्या कूलंटचा फायदा नाहीसा होतो आणि काही वेळा आत गाळही धरतो. डब्यावर आयएस ५७५९ किंवा जेआयएस के २२३४ असा मानकाचा उल्लेख आहे का, आणि आपल्या गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेली जात तीच आहे का, एवढे दोन प्रश्न विचारावेत. तिसरा प्रश्न याहून महत्त्वाचा आहे: डब्यात मूळ घट्ट कूलंट आहे, की पाणी मिसळून वापरण्यास तयार केलेले? घरी धुण्याच्या कामासाठी पाणी न मिसळलेले घट्ट कूलंटच लागते. त्याचे कारण पुढे येईल.

पाणी डिस्टिल्ड किंवा डीएम, म्हणजे क्षार काढलेले, घ्यावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालायचे म्हणून ते पाच लिटरच्या कॅनमध्ये बॅटरीच्या दुकानात मिळते. त्याच दुकानात, जवळजवळ तशाच कॅनमध्ये बॅटरीचे ॲसिडही असते, त्यामुळे लेबल स्वतः वाचल्याशिवाय कॅन उचलू नये. घरच्या आरओचे पाणी बोअरपेक्षा बरे असले, तरी त्यात क्षार शिल्लक ठेवलेले असतात. एसीच्या नळीतून ठिबकणारे पाणी फुकट मिळते म्हणून काही जण साठवतात; त्यात धूळ आणि जाळीवरचे धातूचे कण उतरलेले असतात, तेव्हा ते झाडांना घालावे.

याखेरीज एक पसरट टब किंवा मोठे घमेले, नरसाळे, एक-एक लिटरच्या खुणा असलेले माप, होज क्लिप दाबण्यासाठी पक्कड, स्क्रू ड्रायव्हर, रबरी हातमोजे, डोळ्यांवर चष्मा, भरपूर जुनी फडकी आणि झाकण लावता येतील असे दोन रिकामे कॅन जवळ ठेवावेत. गाडी उचलावी लागणार असेल तर जॅकवर विसंबून कधीही तिच्याखाली जाऊ नये. जॅकशेजारी भक्कम स्टँड लावावा, मागच्या चाकांना दगड लावावेत आणि हँडब्रेक ओढावा. बऱ्याच हॅचबॅकमध्ये समोरून हात घालूनच ड्रेन कॉक, म्हणजे द्रव सोडण्याची तोटी, सापडतो, तेव्हा जॅकची गरज पडेलच असे नाही.

दोन धोके मात्र ठळकपणे लक्षात ठेवावेत. गरम इंजिनाचे झाकण उघडू नये. दाब अचानक सुटला की आतील शंभर अंशांच्या वरचा द्रव एका क्षणात वाफ होऊन तोंडावर उसळतो, आणि भाजण्याच्या अशा घटना घाटात दरवर्षीच्या उन्हाळ्यात घडत असतात. वरचा होज पाईप हाताने दाबून पाहावा. तो गार आणि मऊ लागला, तरच झाकणावर जाड फडके टाकून ते आधी पाव फेरा आणि मग पूर्ण फिरवावे. दुसरा धोका विषाचा आहे. इथिलीन ग्लायकोल चवीला गोड असते आणि कुत्री-मांजरे ते चाटतात. थोडे पोटात गेले तरी मूत्रपिंडे निकामी होतात, आणि माणसाच्या बाबतीतही तेच. टब भरलेला असताना तो उघडा टाकून चहाला जाऊ नये, आणि कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत तर कधीच साठवू नये. लहान मूल घरात असेल तर एवढ्या एका कारणासाठी काम पुढे ढकलले तरी हरकत नाही.

गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी सपाट जागी लावून सुरुवात करावी. रेडिएटरचा विजेवरचा पंखा काही गाड्यांत इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू लागतो, म्हणून हात घालण्याआधी बॅटरीची निगेटिव्ह तार सोडवावी. रेडिएटरच्या तळाशी एका कोपऱ्यात ड्रेन कॉक असतो. तो प्लास्टिकचा असतो आणि आठ-दहा वर्षांच्या गाडीत ठिसूळ झालेला असतो. पान्याने जोर लावला की त्याची मान तुटते आणि मग रविवारी दुपारी सुट्या भागांचे दुकान शोधत फिरावे लागते. हाताने फिरत नसेल तर तो सोडून द्यावा आणि खालचा होज पाईप काढावा. स्प्रिंगची क्लिप पकडीने दाबून मागे सरकवावी, पाईप दोन्ही बाजूंना पिळून मोकळा करावा. त्याखाली स्क्रू ड्रायव्हर खुपसून उचकटू नये, कारण रेडिएटरची मान बहुधा प्लास्टिकचीच असते. टब आधी बरोबर खाली सरकवलेला असावा, कारण पाईप सुटताच द्रव अपेक्षेपेक्षा पुढे उडतो. धार लागल्यावर वरचे झाकण उघडले, की वाहण्याचा वेग वाढतो. रिझर्व्ह टाकीही सोडवून वेगळी धुवावी. तिच्या तळाशी साचलेला गाळ पाहिल्यावर हे सांगावे लागत नाही.

बाहेर आलेला द्रव मापाने मोजून कॅनमध्ये भरावा आणि आकडा लिहून ठेवावा. या संपूर्ण कामातील सर्वांत महत्त्वाचा आकडा हाच आहे. थोडा द्रव काचेच्या पारदर्शक बरणीत घेऊन अर्धा तास स्थिर ठेवला, तर खाली बसणारा तपकिरी गाळ म्हणजे गंज, पांढरा चुरा म्हणजे क्षार, आणि वर तरंगणारा तवंग म्हणजे तेल, असे निदान घरीच होते. बरणी नंतर फेकून द्यावी.

आता मोजलेल्या आकड्याचा अर्थ पाहू. समजा, पुस्तिकेनुसार गाडीत एकूण ५ लिटर कूलंट मावते आणि टबात ३ लिटर आले. उरलेले २ लिटर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये, थर्मोस्टॅटच्या (ठरावीक तापमानाला आपोआप उघडणाऱ्या झडपेच्या) मागे आणि हीटरच्या जाळीत अडकून आहे. ३ लिटर पाणी भरून इंजिन चालवले, की आतील मिश्रणात जुन्या कूलंटचा वाटा ४० टक्के राहतो. ते सोडून पुन्हा पाणी भरले की १६ टक्के, आणि तिसऱ्या फेरीनंतर साडेसहा टक्क्यांच्या आत. पहिल्या दोन फेऱ्यांत बहुतेक काम होते आणि तिसरी फेरी बाहेर येणारे पाणी अजूनही रंगीत असेल तरच करावी. ब्लॉकला स्वतंत्र ड्रेन बोल्ट असेल आणि तो सहज हाती लागत असेल, तर फेऱ्या कमी होतात. पण जुन्या गाडीत तो गंजून बसलेला असतो, आणि त्याच्याशी झगडण्यापेक्षा पाण्याची एक फेरी जास्त केलेली परवडते.

पहिल्या फेरीला नगरपालिकेचे साधे पाणी चालेल. बोअरचे पाणी पहिल्या फेरीलाही घालू नये, आणि शेवटच्या फेरीला डिस्टिल्ड पाणीच घालावे, कारण शेवटच्या फेरीतील दोन लिटर पाणी नव्या कूलंटबरोबर आत कायमचे राहणार असते. ड्रेन कॉक बंद करून किंवा पाईप जोडून पाणी भरावे, बॅटरीची तार जोडावी, हीटर सर्वांत गरम खुणेवर आणि त्याचा पंखा मंद ठेवून इंजिन सुरू करावे. काही गाड्यांत हीटर बंद असला की त्याच्या जाळीकडे जाणारी वाट बंद होते आणि तेथील जुना द्रव जागचा हलत नाही. झाकण लावून दहा-पंधरा मिनिटे इंजिन चालू ठेवावे. सुरुवातीला वरचा होज पाईप गार असतो. थर्मोस्टॅट उघडला की तो थोड्याच वेळात हात लावू देत नाही इतका तापतो. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांच्या दरम्यान उघडू लागतो. तो उघडेपर्यंत ब्लॉकमधील पाणी रेडिएटरकडे जातच नाही, म्हणून दोन मिनिटे इंजिन फिरवून बंद केलेली फेरी ही फेरीच नव्हे. रेडिएटरचा पंखा एकदा सुरू होऊन थांबला, की इंजिन बंद करावे आणि किमान दोन तास थांबावे. गरम इंजिनात गार पाणी ओतले, तर हेडला तडा जाऊ शकतो. या दोन तासांत दुसरी कामे करावीत.

त्यांतील एक काम रेडिएटर बाहेरून स्वच्छ करण्याचे आहे आणि माझ्या मते आपल्या भागात त्याचा फायदा आतून धुण्याइतकाच मोठा असतो. गळिताच्या हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून सहा महिने धावलेल्या गाडीच्या पुढील जाळीत पाचटाचे तुकडे, किडे आणि लाल माती यांचा गालिचा तयार झालेला असतो, आणि हवा आत शिरलीच नाही तर कूलंट कितीही ताजे असले तरी ते थंड होणार नाही. समोर एसीचा कंडेन्सर आणि त्यामागे रेडिएटर अशी रचना असते. घाण बहुधा दोहोंच्या मधे साचते. बागेच्या पाईपची सौम्य धार शक्य तेथे इंजिनाकडून पुढच्या दिशेने मारावी. वॉशिंग सेंटरची जोरदार धार मारली, तर पातळ पाकळ्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद होते.

बाजारातील फ्लश केमिकल, म्हणजे आतील वाटा धुण्याचे रसायन, वापरावे का, हा प्रश्न नेहमी येतो. आतील द्रव फक्त जुना झाला असेल, तर त्याची गरज नाही. आत गंज किंवा क्षार दिसत असतील, तर ॲल्युमिनियमला चालणारे म्हणून स्पष्ट लिहिलेले केमिकल सांगितलेल्या प्रमाणात आणि सांगितलेल्या वेळेपुरतेच घालावे आणि त्यानंतर पाण्याच्या दोन जादा फेऱ्या कराव्यात. धुण्याचा सोडा आणि कॉस्टिक सोडा हे पितळी रेडिएटरच्या काळातील उपाय आहेत. कॉस्टिक तर ॲल्युमिनियमलाच खाते आणि त्यातून ज्वालाग्राही हायड्रोजन सुटतो. फार जुन्या, वर्षानुवर्षे बोअरच्याच पाण्यावर चाललेल्या गाडीबाबत मी केमिकल टाळण्याचाच सल्ला देईन, कारण तिच्या रेडिएटरमधील काही छिद्रे त्या क्षारांनीच बुजलेली असतात आणि कवच निघाले की गळती सुरू होते. तो दोष धुण्याचा नसतो, पण दिसतो मात्र धुतल्यानंतर.

थर्मोस्टॅटविषयी इथे थोडे थांबले पाहिजे. गाडी तापते म्हटले, की तो काढून फेकण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि पहिले काही दिवस टेंपरेचरचा काटा खाली राहिल्याने मालकही खूश असतो. पण इंजिन सतत गार राहिले तर इंधन जास्त लागते, ऑइलमधील ओलावा उडून जात नाही आणि आतील झीज वाढते. शिवाय काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना आतल्या आत फिरण्याची वाट बंद करतो; तो काढला की कूलंटचा बराच भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनातच जातो आणि घाटात गाडी आधीपेक्षा जास्त तापते. थर्मोस्टॅटवर शंका असेल तर तो काढून, एका टाकाऊ पातेल्यात दोरीला टांगून, पाणी तापवत पाहावा. त्यावर कोरलेल्या अंशांना तो उघडू लागला आणि गार झाल्यावर पूर्ण मिटला, तर तो ठीक आहे. साताऱ्याच्या उंचीवर पाणी ९८ अंशांपर्यंत तापत असल्याने ही परीक्षा येथे आरामात होते. बदलायचा झाला तर त्याच अंशांचा आणि नव्या गॅस्केटसह बसवावा.

शेवटच्या फेरीचे पाणी सोडून ते पुन्हा मोजावे. आता घट्ट कूलंटचा मुद्दा येतो. बाहेर ३ लिटर आले, आत २ लिटर डिस्टिल्ड पाणी उरले. एकूण ५ लिटरमध्ये निम्मे कूलंट हवे, म्हणजे अडीच लिटर घट्ट कूलंट आधी ओतावे आणि वर अर्धा लिटर डिस्टिल्ड पाणी. मी पहिल्या वेळी तयार मिश्रणाचा तीन लिटरचा डबा सरळ ओतला होता आणि काम उत्तम झाले असे समजून बसलो होतो. निम्म्या पाण्याचे ते मिश्रण आतील दोन लिटर पाण्यात पडल्यावर कूलंटचे प्रमाण ५० नव्हे, ३० टक्के झाले, हे हिशेब मांडल्यावर ध्यानात आले. ३० टक्के काही गाड्यांना चालते. त्या गाडीच्या पुस्तिकेत ५० लिहिलेले होते, म्हणून सगळे पुन्हा करावे लागले. पाच लिटरपैकी दोनच लिटर बाहेर आले असतील, तर सगळे दोन लिटर घट्ट कूलंट भरले तरी प्रमाण ४० टक्क्यांवर अडते. अशा वेळी खालचा होज पाईप किंवा हीटरचा पाईप सोडवून आणखी पाणी काढण्यावाचून गत्यंतर नसते.

भरताना हळूहळू, बारीक धारेने भरावे. घाईने ओतले की आतील हवेला बाहेर पडायला वाट मिळत नाही आणि ती हेडमध्ये किंवा हीटरच्या जाळीत अडकून बसते. गाडीचे नाक मागच्या बाजूपेक्षा वर असेल अशा उतारावर गाडी उभी केली, तर भरण्याचे तोंड सर्वांत उंच येते आणि हवा आपोआप तिकडे सरकते. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना यासाठी वेगळा उतार शोधावा लागत नाही, फक्त चाकांना दगड नीट लावावेत. थर्मोस्टॅटच्या घरावर किंवा रेडिएटरच्या वरच्या कडेला हवा सोडण्याचा छोटा स्क्रू असेल, तर तो सैल करून बुडबुडे संपून सलग धार येईपर्यंत तसाच ठेवावा. भरता भरता वरचा आणि खालचा होज पाईप हाताने दाबून सोडत राहिले, की आतून गुळगुळ आवाज करत हवा वर येते आणि पातळी खाली जाते.

यानंतर गाड्यांचे दोन प्रकार पडतात. रेडिएटरवर झाकण आणि बाजूला साधी रिझर्व्ह टाकी असेल, तर झाकण उघडे ठेवूनच इंजिन सुरू करावे, हीटर गरम खुणेवर ठेवावा, आणि पातळी खाली जाईल तसतसे भरत राहावे. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाते आणि मोठे बुडबुडे येतात. द्रव फुगून तोंडाशी आला की झाकण घट्ट लावावे आणि रिझर्व्ह टाकी वरच्या व खालच्या खुणेच्या मधे भरावी. रेडिएटरवर झाकणच नसेल आणि दाब धरणारी एक्स्पान्शन टाकी असेल, तर भरणे आणि हवा काढणे त्या टाकीतूनच होते. तेथे वरच्या खुणेच्या पलीकडे भरू नये, कारण तापल्यावर द्रव फुगण्यासाठी ती मोकळी जागा मुद्दाम ठेवलेली असते. दोन्ही प्रकारांत हीटरच्या तोंडाशी हात धरून पाहावा. काटा मधोमध आला असूनही हवा गार येत असेल, तर आत बहुधा हवा अडकलेली आहे असे समजावे आणि इंजिन थंड करून पुन्हा भरावे. झाकणाचे रबर चिरलेले किंवा चपटे झालेले दिसले, तर त्याच आकड्याचे नवे झाकण घ्यावे. जास्त आकड्याचे झाकण लावले तर जुने होज पाईप ते सहन करत नाहीत.

भरल्यानंतर गाडीची पहिली चक्कर लांबची नसावी. साताऱ्याजवळच्या यवतेश्वरचा चढ चढून परत येणे हे त्यासाठी योग्य अंतर आहे: चढ खरा आहे, आणि काही चुकले तरी घर जवळ आहे. काट्यावर लक्ष ठेवावे. तो एकदम वर जाऊन पुन्हा खाली आला, तर हवेचा बुडबुडा फिरतो आहे. सतत वर चढत गेला, तर एसी बंद करून हीटर पूर्ण गरम करावा, बाजूला थांबावे, आणि झाकणाला हात लावू नये. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड इंजिनात पातळी पाहावी. ती पाव-अर्धा लिटर उतरलेली असणे स्वाभाविक आहे. त्यासाठी त्याच प्रमाणातील मिश्रण अर्धा लिटर आधीच करून, लेबल लावून ठेवलेले असावे, म्हणजे कमी पडले की नळाकडे हात जात नाही. हीच बाटली गाडीच्या डिकीत राहू द्यावी. आठवडाभरानंतरही पातळी उतरतच असेल, तर कुठेतरी गळती आहे आणि ती भरत राहून मिटणार नाही.

जुने कूलंट आणि पहिल्या फेरीचे रंगीत पाणी गटारात ओतू नये. शहराचे पाणी शेवटी वेण्णा आणि कृष्णेलाच जाऊन मिळते. शौचालयातही ओतू नये, कारण सेप्टिक टँकमधील जिवाणू त्याने मरतात. मोकळ्या जागेत ओतले तर भटकी कुत्री आणि गुरे ते चाटतात. झाकणबंद कॅनमध्ये भरून, वर ‘विषारी, जुने कूलंट’ असे ठळक लिहून, ज्या सर्व्हिस सेंटरमध्ये वापरलेले ऑइल आणि कूलंट गोळा करून विल्हेवाटीला पाठवतात तेथे ते आधी फोन करून नेऊन द्यावे. ऑइलच्या कॅनमध्ये मात्र ते मिसळू नये, कारण मिसळले की ऑइलही पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही. जमिनीवर सांडलेल्यावर माती किंवा लाकडाचा भुसा टाकून ते टिपून घ्यावे आणि मगच पाणी मारावे.

बॉनेटच्या आतल्या बाजूला एक चिठ्ठी चिकटवावी आणि तीवर तारीख, किलोमीटर, कूलंटची जात, बाहेर आलेले लिटर आणि आत घातलेले लिटर लिहावेत. पुढच्या वेळी बॉनेट उघडणारा मेकॅनिक असो वा आपणच, काय भरायचे हे त्याला रंगावरून ओळखावे लागू नये.